ड्रॉप घेतला म्हणजे मुलगी घरी बसली नव्हे

आज आपण एका वर्षाविषयी बोलणार आहोत.

बारावी सायन्स झाली, नीट परीक्षा दिली, पण डॉक्टरीला नंबर लागला नाही. मग मुलगी म्हणते, "आई, मी एक वर्ष ड्रॉप घेते, परत परीक्षा देते." ड्रॉप घेणं म्हणजे ते वर्ष दुसऱ्या कुठल्या कोर्सला न जाता त्याच परीक्षेची पुन्हा तयारी करणं. पूर्वी ही गोष्ट तालुक्याच्या गावी ऐकू यायची. आता आपल्या गटांच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या, की कोणीतरी हळूच विचारते, "ताई, पोरगी ड्रॉप म्हणतेय. घेऊ देऊ का? वर्ष वाया तर नाही जाणार?"

वर्ष वाया जातं, हे खरं आहे. पण गावाकडच्या मुलीचं वर्ष कशात जातं ते आधी बघू. मुलगा ड्रॉप घेतो तेव्हा आपण पाहुण्यांना सांगतो, "नीटची तयारी करतोय." मुलगी घेते तेव्हा सांगतो, "सध्या घरीच आहे." "घरीच आहे" म्हटलं की पाणी भरायला ती, आजीला दवाखान्यात न्यायला ती, धाकट्याचा डबा करायला ती, खुरपणीला बाई कमी पडली की तीच. कोणी मुद्दाम करत नाही, पण दिवसाचे दोन-दोन तास असे जातात आणि मे महिना दारात येऊन उभा राहतो. म्हणून या वर्षाचे तास कोणाचे, हे घरात आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं तर गावात राहूनही वर्ष कामी येतं. ते ठरलं नाही तर महागडा क्लास लावूनही फारसं काही होत नाही.

आधी परीक्षा समजून घ्या

आईला फिजिक्स येण्याची गरज नाही. पण ही परीक्षा कशी असते, एवढं प्रत्येक आईला माहीत असावं.

नीट परीक्षा ७२० गुणांची असते. २०२५ साली तिच्यात १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटं होता, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं की १ गुण कापला जातो आणि सोडून दिलं तर काहीच कापत नाहीत. परीक्षा मराठीतूनही देता येते, प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत येते. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. अकरावी-बारावीला मुलीने इंग्रजीतून शिकलेलं असेल, तर फॉर्म भरताना याचा विचार करावा.

आता स्पर्धा किती ते ऐका. २०२५ साली देशभरात २२ लाखांहून जास्त मुलामुलींनी ही परीक्षा दिली. त्यातले १२ लाखांहून जास्त पात्र ठरले. पण एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, साधारण सव्वा लाख. म्हणजे "पात्र" हा शब्द निकालावर दिसला म्हणून प्रवेश मिळाला असं होत नाही. आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्या सगळ्या मुली काही ढ नाहीत. हे आईने समजून घेतलं की घरात टोमणे कमी होतात.

वयाची घाईही नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात. वरच्या वयाची अट नाही आणि परीक्षा किती वेळा द्यायची याचीही नाही. तेव्हा घाई कायद्याची नसते, आपल्या घराची असते. त्यावर पुढे बोलूच.

ड्रॉप घ्यायचा का, हे कसं ठरवायचं?

रडत-रडत किंवा भावकीच्या इर्षेने हे ठरवू नका. निकालानंतर आठ दिवस जाऊ द्या, मग कागद घेऊन बसा.

परीक्षा घेणारी संस्था मुलीच्या उत्तरपत्रिकेची प्रत आणि बरोबर उत्तरांची यादी वेबसाइटवर टाकते. ती वेळेवर उतरवून ठेवा, सेतू केंद्रात प्रिंट काढली तरी चालेल. मग मुलीने एकेक चुकलेला आणि सोडलेला प्रश्न घ्यावा आणि तीन रकाने करावेत. पहिला, "मला हे येतच नव्हतं". दुसरा, "येत होतं पण चुकलं". तिसरा, "वेळ पुरला नाही". दुसरा आणि तिसरा रकाना मोठा असेल तर वर्षभरात गुण बरेच वाढू शकतात, कारण तिथे सराव कमी पडलेला असतो. पहिलाच रकाना सगळ्यात मोठा असेल, तर कोणते धडे शिकायचेच राहिलेत ते मोजा. आपल्याकडे पुष्कळदा अकरावीचं वर्ष असंच निघून जातं. बारावीची बोर्डाची परीक्षा आहे म्हणून सगळे बारावीच्या मागे लागतात. पण नीट परीक्षेला अकरावी आणि बारावी दोन्ही सारखीच महत्त्वाची.

एक उदाहरण घेऊ. समजा एका मुलीला ३५० गुण पडले. जीवशास्त्रात ३६० पैकी २३०, रसायनात १८० पैकी ७५ आणि भौतिकात १८० पैकी ४५. ही मुलगी पुढचं वर्षभर पुन्हा जीवशास्त्रच वाचत बसेल, कारण ते तिला आवडतं. पण तिचे खरे गुण रसायन आणि भौतिकात अडकलेत. तिथे २४० गुण बाकी आहेत. तिची सकाळची ताजी वेळ त्या दोन विषयांना गेली पाहिजे.

अंदाजाने उत्तरं मारण्याचाही हिशोब करा. येत नसलेले ४० प्रश्न चार पर्यायांतून डोळे झाकून सोडवले, त्यातले १० बरोबर आले, तर ४० गुण मिळाले आणि ३० चुकल्याचे ३० गेले. हाती राहिले १०. तेवढ्या वेळात येणारे चार-पाच प्रश्न शांतपणे सोडवले असते तर जास्त मिळाले असते.

आणि सगळ्यात आधी मुलीला विचारा, हे तुला हवंय का? की मला हवंय म्हणून तू म्हणतेस? आशाताईंना सांगून तिला एखाद्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात बसू द्या. रडणारी बाळं, रांगेत थकलेल्या बाया, एका सिस्टरच्या अंगावर दहा कामं, हे तिने बघावं. याचा एकही गुण मिळत नाही, आपल्याकडे प्रवेश परीक्षेच्या गुणांवरच होतो. पण ते पाहूनही तिला हेच करायचं असेल, तर त्या ओढीवर ती वर्ष काढेल.

वर्षाचा करार

घेऊ द्यायचं ठरलं की घरात एक कागद करा. गटाचं कर्ज घेताना आपण रक्कम, हप्ता आणि मुदत लिहितो ना? तसंच इथे करायचं. कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली गोष्ट तासांची. पहाटे ५ ते ७, सकाळी १० ते १, दुपारी २ ते ५ आणि रात्री ८ ते ९. हे नऊ तास झाले. यात तिला हाक मारायची नाही. उरलेल्या वेळात तिने घरकामाला हात लावावा, पण भावानेही लावावा. दुपारी २ ते ५ ही वेळ मुद्दाम सांगते, कारण परीक्षा बहुतेक याच वेळेत असते. जेवून डोळे जड होतात, वर मे महिन्यातलं ऊन. त्या वेळी पेपर सोडवायची सवय अंगी मुरली पाहिजे. दर रविवारी दुपारी २ ला घड्याळ लावून पूर्ण पेपर, पाणी पिण्यापुरतं उठायचं, ५ ला पेन खाली. संध्याकाळी पुन्हा तेच तीन रकाने भरायचे.

दुसरी गोष्ट शेताची. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, ही कामं कोणाला चुकली नाहीत. मजूर मिळत नाहीत हेही मला माहीत आहे. तिला न्यावंच लागणार असेल तर आधी ठरवा, दसरा-दिवाळीच्या दरम्यान आठ दिवस, त्याहून नाही. आठ दिवसांचा खाडा अभ्यासाच्या वेळापत्रकात बसवता येतो. रोजची "जरा ये गं" कशातच बसत नाही.

तिसरी गोष्ट लग्नाची. बारावी होते तेव्हा मुलगी सतरा-अठराची असते. म्हणजे ड्रॉपचं वर्ष आणि अठरा पूर्ण होण्याचं वर्ष बरोबर एकच येतं. कॉलेजात जाणारी मुलगी असली की "शिकतेय" म्हणून सांगता येतं. घरी अभ्यास करणारी दिसली की मध्यस्थ दारात येतात. "चांगलं स्थळ आहे, नुसतं बघून घ्या," म्हणतात. बघण्याचा कार्यक्रम अर्ध्या दिवसाचा असतो, पण मुलीचं मन पुढचे पंधरा दिवस पुस्तकात लागत नाही. तेव्हा कागदावर लिहा, निकाल लागेपर्यंत स्थळं बघायची नाहीत. वडिलांची सही घ्या, आजोबा असतील तर त्यांचीही. तो कागद दाराच्या मागे लावा. पाहुण्यांसमोर आईला एकटीने नाही म्हणावं लागत नाही, कागद दाखवता येतो.

पैसा कुठे लावायचा?

क्लासच्या फीच्या आकड्यांनी घाबरून जाऊ नका आणि जाहिरातीतले फोटो पाहून भुलूही नका. लातूर, नांदेडला मुलगी ठेवायची तर क्लासच्या फीबरोबर खोली, मेस, येणं-जाणं हे सगळं धरा.

कर्ज काढायचं असेल तर आधी व्याज मोजा. गटातून ३०,००० रुपये महिना २ टक्क्यांनी घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज ६०० रुपये. मुद्दल तसंच राहिलं तर वर्षाचं ७,२०० होतं. तेच १ टक्क्याने दिलं तर ३,६००. दशसूत्रीत शिक्षण आहेच, मग शिक्षणाच्या कर्जाला कमी व्याज लावायचा ठराव गट करू शकतो. सावकाराकडे किंवा घरबसल्या कर्ज देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपकडे जाऊ नका.

बिनपैशाची साधनंही आहेत. अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. नीटचे पुष्कळसे प्रश्न, विशेषतः जीवशास्त्राचे, त्या पुस्तकांवर बेतलेले असतात. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने आयआयटी कानपूरबरोबर 'साथी' नावाचं मोफत तयारीचं पोर्टल २०२३ मध्ये सुरू केलं. पुण्याजवळ दक्षणा फाउंडेशन बारावी झालेल्या गरीब घरच्या हुशार मुलामुलींना परीक्षा घेऊन निवडतं आणि वर्षभर राहण्याची सोय करून तयारी करून घेतं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' ही संस्थाही गरीब मुलांना मोफत शिकवते. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी 'महाज्योती'चं मोफत प्रशिक्षण असतं, पण ते दहावीनंतर सुरू होतं. घरात दहावीची धाकटी असेल तर तिच्यासाठी आत्ताच चौकशी करा.

अभ्यासाला रोज तालुक्याला जायचं असेल तर एक खर्च लक्षात ठेवा. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. ड्रॉपच्या वर्षी तो बंद होतो. मात्र मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार होतो. त्यापेक्षा गावातच ग्रामपंचायतीची एखादी खोली किंवा संध्याकाळी रिकामी असलेली शाळा मागून घ्या. तीन-चार मुली एकत्र बसल्या की घरातले हाका मारत नाहीत आणि एकीचा मोबाइल चौघींना पुरतो.

कागद आत्ताच

अभ्यास मुलीचा, कागद आईचे. हे वाटून घ्या. निकाल लागल्यावर तहसीलला धावणाऱ्यांची रांग मोठी असते. वर्ष हाताशी आहे तर आत्ताच करा.

अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार. या सगळ्यावर नाव एकसारखं आहे का बघा. एकीकडे आईचं नाव, दुसरीकडे नाही, एकीकडे स्पेलिंग वेगळं, असं असेल तर दुरुस्ती आत्ता होते. जात वैधता प्रमाणपत्र जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून मिळतं, अनुसूचित जमातीसाठी वेगळी समिती असते. त्याला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून ते सगळ्यात आधी. नॉन-क्रीमी लेयर दाखल्यावरची मुदत वाचा, ती ३१ मार्चला संपते. ओबीसीच्या मुलीला देशपातळीवरच्या जागांसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. आणि शिक्षणात एक वर्षाचा खंड पडला म्हणून प्रवेशाच्या वेळी तसं प्रतिज्ञापत्र मागतात, त्याची तयारी ठेवा.

आपल्या राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या मुलांसाठी आणि १५ टक्के देशभरातल्या मुलांसाठी असतात. राज्याचे प्रवेश सीईटी कक्ष करतो. २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र प्रवेश सरकारी प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. अभिमत विद्यापीठातल्या आणि व्यवस्थापन कोट्यातल्या जागांना ती सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या योजना वेगळ्या आहेत. वसतिगृह आणि जेवणाचा खर्च मात्र धरून चाला.

"एवढे द्या, सीट पक्की करून देतो," असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच वाटेला लावा. मुलीचा पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका, नात्यातला असला तरी.

दुसरं दार उघडं ठेवा

करारावर शेवटची तारीखही लिहा. माझं मत असं, की एक ड्रॉप विचार करून घ्यावा, दुसरा सहसा घेऊ नये. वर्षभरात गुण खूप वाढले आणि थोडक्यात जागा हुकली, तरच दुसऱ्याचा विचार करावा. ते ठरवायला रविवारच्या पेपरांचे गुण वहीत लिहून ठेवा. फेब्रुवारीत वही उघडली की आकडे खरं सांगतात.

नीट परीक्षेच्या गुणांवर एमबीबीएसच नाही, दातांचा कोर्स, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचेही प्रवेश होतात. बीएस्सी नर्सिंगसाठी आपल्या राज्याची वेगळी सीईटी आहे, फार्मसीसाठी एमएचटी-सीईटी आहे. हे फॉर्म त्याच वर्षी भरून ठेवा. नर्सिंगला गेलेली मुलगी हरलेली नसते. बाळंतपणात आपल्याजवळ रात्रभर कोण उभं होतं, ते आठवून बघा.

आणि एक नाजूक गोष्ट. या वर्षात मुलगी एकटी पडते. मैत्रिणी कॉलेजला गेलेल्या असतात, त्यांचे फोटो मोबाइलवर दिसतात. ती जेवत नसेल, झोपत नसेल, "माझ्यामुळे तुमचे पैसे गेले" असं सारखं म्हणत असेल, तर "अभ्यास कर म्हणजे बरं वाटेल" असं म्हणू नका. जवळ बसा, ऐका. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याची भाषा तिने केली, तर तिला एकटी सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. हा नंबर दाराच्या मागच्या त्याच कागदावर लिहा. निकालाच्या दिवशी पाहुण्यांचे फोन आईने घ्यावेत, मुलीने नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात किती घरी बारावीनंतर परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली आहेत, त्यांची यादी करा. त्यांच्या बसायच्या खोलीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज लिहा आणि अर्जावर सगळ्या जणींनी सह्या करा. आणि कोणी विचारलं, "तुमची पोरगी काय करते?", तर ठणकावून सांगा, "डॉक्टरीच्या परीक्षेची तयारी करतेय." ते ऐकून मुलीची पाठ ताठ होते आणि विचारणाराही दुसऱ्यांदा विचारत नाही.